पुणे विद्यापीठात पहिलं वर्ष: नव्या पद्धतीत काय, कुठे आणि कसं मागायचं

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कॉलेजात यंदा पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. ज्यांच्या घरात याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यांच्यासाठी तर खासच. मी अशाच एका कॉलेजात शिकवते आणि जूनपासून दिवाळीपर्यंत प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसते. योजना आहेत, समित्या आहेत, नियम तर बरेचसे विद्यार्थ्याच्या बाजूचे आहेत. पण ही मदत आपण होऊन कुणाच्या दारात येत नाही. ती वेळेत मागावी लागते आणि लेखी मागावी लागते. हुशार, कष्टाळू मुलं केवळ तारीख हुकल्यामुळे हजारो रुपयांना मुकलेली मी पाहिली आहेत. त्याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी विद्यापीठ म्हणजे काय ते समजून घ्या

विद्यापीठ सुरू झालं १९४९ साली. गणेशखिंडीतल्या जुन्या गव्हर्नरच्या बंगल्यात त्याचा कारभार बसला आणि बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. तेव्हा त्याच्या कक्षेत बारा जिल्हे होते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि आता पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक एवढे तीन जिल्हे उरले आहेत. सावित्रीबाईंचं नाव लागलं २०१४ साली.

एवढं सांगायचं कारण असं की अकोले तालुक्यातल्या, संगमनेरच्या किंवा सिन्नरच्या मुलाला वाटतं, काहीही अडलं की पुण्याला जावं लागणार. तसं नाही. तुमची बहुतेक कामं कॉलेजातच होतात: प्रवेश, विषय, हजेरी, अंतर्गत गुण, शिष्यवृत्तीची पहिली तपासणी, बोनाफाईड (तुम्ही इथे शिकता असा कॉलेजचा दाखला). कॉलेजच्या पातळीवर सुटत नाही ते विद्यापीठात जातं, म्हणजे पात्रता, परीक्षा, निकाल, पुनर्मूल्यांकन, पदवी प्रमाणपत्र. नाशिक आणि अहिल्यानगरला विद्यापीठाची उपकेंद्रं आहेत; पुण्याची एसटी पकडण्याआधी तिथे चौकशी करा. शिष्यवृत्तीचे पैसे तर यातलं कुणीच देत नाही. ते राज्य शासनाच्या खात्यांकडून येतात. कुठला प्रश्न कुणाच्या टेबलावरचा, हे ओळखता आलं की निम्मी दगदग वाचते.

दादा-ताईचा सल्ला जपून घ्या

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण केंद्राने जुलै २०२० मध्ये मंजूर केलं. महाराष्ट्रात ते विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त कॉलेजं यांना २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांना २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे तुमच्याआधी दोन-चार वर्षं शिकून गेलेल्या भावंडांचा पॅटर्न वेगळा होता. ‘कुठलेही तीन विषय घे, शेवटी स्पेशल बघू’ हा त्यांचा सल्ला त्यांच्या काळात बरोबर होता, आता त्याने घोटाळा होतो.

नव्या पद्धतीत सगळा हिशेब क्रेडिटचा आहे. क्रेडिट म्हणजे किती तास शिकलात याचं माप. थिअरीचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक क्रेडिट. एका सत्रात साधारण २० ते २२ क्रेडिट. एक वर्ष पूर्ण केलं की ४० ते ४४, तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० ते १७६ क्रेडिटची.

आता मेख इथे आहे. ही क्रेडिट एकाच विषयाची नसतात. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा. त्याशिवाय ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भाषेचा कोर्स, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, पुढे फील्ड प्रोजेक्ट, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशी प्रत्येकाची वेगळी टोपली आहे. दोन क्रेडिटचा छोटासा पेपर ‘हा काय, सहज निघेल’ म्हणून सोडून दिला तर मेजरमध्ये कितीही गुण पडले तरी वर्ष पूर्ण झालेलं दिसत नाही. कारण एका टोपलीतलं जास्तीचं क्रेडिट दुसऱ्या टोपलीत टाकता येत नाही. दर वर्षी सर्वांत जास्त मुलं अडकतात ती इथेच, आणि तीही सोप्या पेपरात.

पायरी १: विषय निवडताना

बीए, बीएस्सीला पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षाला त्यांतला एक मेजर, एक मायनर ठरवायचा, अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी आहे. तुमच्या कॉलेजचा आराखडा नोटीस बोर्डावर किंवा माहितीपत्रकात मिळेल. तो मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि अर्ज भरण्याआधी तीन प्रश्न विचारा.

पहिला: जो विषय मला मेजर म्हणून हवा आहे, तो या कॉलेजात तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवला जातो का? लहान कॉलेजांत एखादा विषय पहिल्या वर्षाला असतो, पण पुढे मेजर म्हणून नसतो. कारण साधं असतं, शिक्षकांची पदं भरलेली नसतात. हे प्रवेशाच्या गडबडीत कुणी आपण होऊन सांगत नाही. तुम्ही विचारा, तेही विभागप्रमुखांना.

दुसरा: ओपन इलेक्टिव्ह माझ्या शाखेबाहेरचा आहे ना? त्याचा हेतूच तो आहे. कला शाखेच्या मुलीने पैशाच्या व्यवहाराचा किंवा संगणकाचा एखादा कोर्स घ्यावा, विज्ञानाच्या मुलाने इतिहास किंवा नाट्याचा घ्यावा. ‘मैत्रिणीने घेतला म्हणून’ एवढ्यावर निवडू नका. वेळापत्रक जुळतं का तेवढं मात्र जरूर पाहा. एसटीने येणाऱ्यांनी तर आधी शेवटच्या गाडीची वेळ पाहावी.

तिसरा: पेपर मराठीत लिहिता येईल का? कला आणि वाणिज्यच्या अनेक विषयांना मराठी माध्यम चालतं. अर्जात माध्यमाचा रकाना नीट भरा.

चौथ्या वर्षाचा विचार आत्ता करायची गरज नाही. एवढंच लक्षात असू द्या, की संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, आणि चार वर्षं केली तर पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते.

पायरी २: पहिल्या महिन्यातली तीन नोंदणी कामं

पात्रता, पीआरएन आणि क्रेडिट खातं. तिन्ही एकदाच करायची, पण तिन्हींत नाव एकसारखं हवं.

पात्रता म्हणजे तुम्ही या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायला लायक आहात अशी विद्यापीठाची मान्यता. अर्ज कॉलेजमार्फतच जातो. महाराष्ट्राबाहेरच्या बोर्डातून आलेल्यांना मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. पीआरएन हा तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक. निकाल, हॉल तिकीट, पदवी सगळं त्याच्यावर चालतं. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

क्रेडिट खातं म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. ही व्यवस्था २०२१ साली सुरू झाली. डिजिलॉकरवरून आधार क्रमांकाने खातं उघडायचं आणि मिळालेला बारा अंकी क्रमांक कॉलेजला द्यायचा. आता त्याला अपार आयडीची, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाची, जोड दिलेली आहे. शाळेत तुमचा अपार आधीच निघालेला असेल तर नवं खातं उघडण्याआधी तो तपासा.

नावाचं आता सांगते, कारण इथे सगळ्यांचाच वेळ जातो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे ‘ज्ञानेश्वर’, दुसरीकडे ‘न्यानेश्वर’. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. माणसाला हे क्षुल्लक वाटतं, यंत्रणा मात्र तुम्हाला दोन वेगळी माणसं समजते. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, तेही जुलैतच. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, हेही त्याच फेरीत पाहून घ्या. पुढचं प्रत्येक काम त्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीवर अडतं आणि तो नंबर बऱ्याचदा गावी राहिलेल्या भावाच्या खिशात असतो.

पायरी ३: शिष्यवृत्ती

हा भाग सावकाश वाचा. पैशांअभावी शिक्षण सुटू नये म्हणून राज्यात ज्या योजना आहेत त्यांतल्या बहुतेकांचा अर्ज महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर भरायचा असतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये. अनुसूचित जमाती, भटके विमुक्त, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी त्या त्या खात्याच्या योजना आहेत. खुल्या प्रवर्गातल्या आणि आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिथे मर्यादा आठ लाखांची. ‘आपण ओपनमध्ये, आपल्याला काय मिळणार’ म्हणून ही योजना सोडून देणारी शेतकऱ्यांची मुलं दर वर्षी भेटतात. सोडू नका.

मुलींसाठी एक महत्त्वाचा शासन निर्णय ८ जुलै २०२४ रोजी झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरतं. आधी ते पन्नास टक्के होतं. पण हे व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ते लागू नाही. कुणी कोट्यातली जागा ‘फी माफ होईल’ म्हणून देऊ करत असेल तर पैसे भरण्याआधी थांबा.

कागद कुठले? उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, जातीचा दाखला, गरज असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी, अधिवास प्रमाणपत्र, रेशनकार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, फीची पावती. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रावर जून-जुलैत रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला बारावीच्या निकालाची वाट न बघता एप्रिल-मेमध्येच काढून ठेवला तर उत्तम. फक्त तो चालू आर्थिक वर्षाचा हवा, एवढं पाहा.

आता बँक खातं. शिष्यवृत्तीचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातात अशी सगळ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात ते आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. होतं असं: शाळेत असताना जिल्हा बँकेत खातं काढलेलं असतं. नंतर नवं सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं आणि आधार तिकडे जोडलं गेलेलं असतं. त्या खात्याचा पत्ताही मुलाला नसतो. मग पैसे तिकडे जाऊन पडतात, किंवा खातं बंद असल्यामुळे परत फिरतात, आणि मुलगा कॉलेजच्या क्लार्कशी भांडत राहतो. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलेलं आहे ते, पाहता येते. पाच मिनिटांचं काम आहे, अर्ज भरण्याआधी करा. चुकीची बँक दिसली तर आपल्या नेहमीच्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरून द्या.

अर्ज भरला की काम संपलं असं समजू नका. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून संबंधित खात्याकडे. कागद अस्पष्ट असला तर अर्ज परत पाठवला जातो आणि त्याची सूचना फक्त संकेतस्थळावर दिसते. म्हणून दर पंधरवड्याला लॉगिन करून पाहायची सवय लावा. अर्जाची प्रिंट आणि कागदपत्रांचा संच कॉलेजात जमा केला की त्याची पोच घ्या. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते आपोआप होत नाही.

फीबद्दल एक शब्द. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्काची सगळी रक्कम मागू नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिल्या आहेत. तरी मागितली तर प्राचार्यांना अर्ज द्या. मात्र अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीचा केंद्राचा हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यातली कॉलेजची फी लगेच भरायची असते. तो पैसा घरच्या अडचणीत खर्च झाला तर शेवटच्या वर्षी फीची थकबाकी डोंगराएवढी उभी राहते. घरी हे आधीच समजावून सांगा.

पायरी ४: राहणं, जेवण, येणं-जाणं

गणेशखिंडीच्या आवारातली वसतिगृहं मुख्यतः तिथल्या विभागांत शिकणाऱ्यांसाठी आहेत. संलग्न कॉलेजच्या मुलांनी कॉलेजचं वसतिगृह, समाजकल्याण किंवा आदिवासी विकास खात्याचं शासकीय वसतिगृह, किंवा पुण्यातल्या भाषेत कॉट बेसिस (खोलीत एका खाटेपुरती भाड्याची जागा), यांतलं पाहायचं.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून खचून जाऊ नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी त्याच कारणासाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या मोठ्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये, इतर महानगरपालिका क्षेत्रात ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये असं तिचं कोष्टक ठरलेलं आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, इतर मागास आणि भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, धनगर समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाची योजना. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या, अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. वसतिगृहाच्या अर्जाची प्रत आणि नंबर न लागल्याचा पुरावा जपून ठेवा, पुढच्या अर्जात तोच कामी येतो. कॉट बेसिसवर राहत असाल तर घरमालकाकडून भाडेकरार लिहून घ्या. निवासाचा पुरावा म्हणून तो लागतो.

गावाहून ये-जा करणाऱ्यांना एसटीच्या मासिक पासावर ६६ टक्क्यांहून जास्त सवलत आहे. त्याला कॉलेजचं बोनाफाईड लागतं.

हातखर्चासाठी विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे. भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहून, राबून शिकतील असं पाहिलं. त्याच धाग्यातली ही योजना. ग्रंथालय, कार्यालय, बाग, प्रयोगशाळा अशा ठिकाणी रोज ठरावीक तास काम आणि तासावर मानधन. प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून एका प्राध्यापकांची नेमणूक असते, अर्ज त्यांच्याकडे. जागा मोजक्या असतात, म्हणून सत्र सुरू झाल्या झाल्या भेटा. ग्रंथालयात काम मिळालं तर नाही म्हणू नका, पुस्तकांच्या सहवासात तुमचाच फायदा आहे. यात कमीपणा वाटून घेणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की आज वर्गात शिकवणारे आमचे कित्येक सहकारी याच योजनेतून शिकले आहेत.

पायरी ५: परीक्षा

हजेरी ७५ टक्के लागते. आजारपण असेल तर वैद्यकीय दाखला त्याच आठवड्यात द्या, सत्राच्या शेवटी नको.

परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो. प्रवेश आहे म्हणजे परीक्षेला बसता येणार असं नाही. अर्जात प्रत्येक पेपरचा कोड पाहा, मघाशी सांगितलेल्या टोपल्यांतला एकही सुटलेला नाही ना ते मोजा. हॉल तिकीट आल्यावर पुन्हा मोजा.

दिव्यांग विद्यार्थ्यांना गरजेप्रमाणे लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळतो. त्यासाठी प्रमाणपत्रासह अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, सत्राच्या सुरुवातीलाच करा.

निकालाबाबत महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ स्पष्ट आहे: परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत लावायचा. उशीर होतो तेव्हा हा नियम हातात असू द्या. गुण अनपेक्षित कमी आले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, विषयशिक्षकांना दाखवा आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. मुदत मोजक्या दिवसांची असते आणि निकालाच्या दिवसापासून मोजली जाते. एखादा पेपर राहिला तर एटीकेटीचे, म्हणजे राहिलेल्या पेपरसह पुढच्या वर्गात जाण्याचे, नियम कॉलेजात लावलेले असतात. लाज न बाळगता विचारा. पेपर राहणं म्हणजे शिक्षण संपणं नव्हे, पण पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायचा विसरणं मात्र महागात पडतं.

अडलं तर: अर्ज कसा लिहायचा

तोंडी विनंतीला पुरावा नसतो. अर्ज एका पानाचा, साधा असावा. उदाहरणार्थ:

‘मा. प्राचार्य यांस. विषय: प्रथम वर्ष कला, प्रथम सत्राच्या गुणपत्रिकेत अंतर्गत गुणांची नोंद नसल्याबाबत. महोदय, मी आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्ष कला वर्गात शिकत असून माझा पीआरएन अमुक आहे. भूगोल विषयाची अंतर्गत परीक्षा मी तमुक तारखेला दिली आहे. गुणपत्रिकेत तिथे गैरहजर असं दिसतं. कृपया नोंद तपासून दुरुस्तीचा प्रस्ताव विद्यापीठास पाठवावा. सोबत: गुणपत्रिकेची प्रत, हजेरीपत्रकाचा तपशील.’

खाली तारीख, सही, मोबाइल. दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. हा आवक क्रमांक फार मोलाचा. त्याशिवाय तुमचा अर्ज आलाच नव्हता असं म्हणायला वाव राहतो. कुणी शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज ईमेलने पाठवा किंवा रजिस्टर पोस्टाने.

यानेही काही झालं नाही तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे एप्रिल २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम तुमच्या पाठीशी आहेत. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. लोकपालाने ते तीस दिवसांत निकाली काढणं अपेक्षित आहे. मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं, जाहीर केलेल्यापेक्षा जास्त पैसे मागणं, निकालाला अवाजवी उशीर, भेदभाव या सगळ्या गोष्टी तक्रारीच्या व्याख्येत येतात. प्रवेश रद्द केला म्हणून तुमचे मूळ दाखले कुणी ठेवून घेऊ शकत नाही, हे तर पक्कं लक्षात ठेवा. माहिती अधिकाराचा अर्ज हा त्यानंतरचा मार्ग, त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

काही बाबतींत मात्र अशी पायरी-पायरीने वाट बघायची नसते. रॅगिंग झालं तर चोवीस तास चालणारा राष्ट्रीय क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदाही आहे. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे करायची. घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, योग्य कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. समितीतल्या सदस्यांची नावं कॉलेजच्या दर्शनी भागात लावलेली असली पाहिजेत. जातीवरून कुणी टोमणे मारत असेल, शिष्यवृत्तीच्या रांगेवरून हिणवत असेल तर त्याला चेष्टा म्हणून सोडून देऊ नका. समान संधी केंद्राकडे किंवा अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे लेखी द्या आणि विश्वासातल्या एका शिक्षकाला सांगा.

मनाचंही तसंच. पहिल्या सत्रात घरची आठवण येते, इंग्रजी कळत नाही, खोलीत चार जणांत एकटं वाटतं. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नको वाटू लागलं तर त्याच दिवशी टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मित्राची अशी अवस्था दिसली तर त्याला एकटं सोडू नका, शेजारी बसून तुम्हीच फोन लावून द्या.

वर्षभराने थांबावं लागलं तर

वडिलांचं आजारपण, दुष्काळ, लग्नाची घाई, नोकरी. कारणं बरीच असतात. जुन्या पद्धतीत मध्येच थांबलेल्याच्या हातात काहीच नसायचं. आता पहिलं वर्ष पूर्ण करून, वर चार क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप केली तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनी पदविका. तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. तुमची क्रेडिटही सात वर्षं खात्यात राहतात आणि दुसऱ्या कॉलेजात नेता येतात.

मात्र न सांगता कॉलेजला यायचं बंद केलं तर यातलं काहीच लागू होत नाही. थांबायची वेळ आली तर आधी कॉलेजात या, बाहेर पडत असल्याचा लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. डिजिलॉकर उघडून दोन्ही सत्रांची क्रेडिट जमा झाली आहेत का पाहा. झाली नसतील तर परीक्षा विभागाला अर्ज करून ती चढवून घ्या. शिष्यवृत्तीचा अर्ज मध्येच अडकला असेल तर त्याचाही पाठपुरावा पूर्ण करा, कारण त्या वर्षाचे पैसे तुमचेच आहेत. परत याल तेव्हा पीआरएन, क्रेडिट खात्याचा क्रमांक आणि अर्जाची ती प्रत घेऊन थेट विद्यार्थी विभागात जा आणि पुनर्प्रवेशाचा फॉर्म मागा.